सुयशच्या नावाची घागर

१

शनिवारी संध्याकाळी मी जळगावहून धुळ्याला येते आणि रविवारी सकाळी कपडे धुते. एम.एस्सी. करणाऱ्या मुलीनं धडधाकट भावाचे कपडे का धुवायचे, यावर आमच्या घरी दर रविवारी भांडण होतं आणि दर रविवारी मी हरते. आई म्हणते, "तो बारावीला आहे." जसे काही बारावीला गेल्यावर पोरांचे हात गळून पडतात.

मार्चमधला रविवार होता. देवपुरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्या आठवड्यात तेही कमी आलं, म्हणून एरवीसारखे सगळे कपडे एकत्र न भिजवता मी एकेक धूत होते. सुयशचा पांढरा शर्ट घेतला, कॉलरला साबण लावला, ब्रश उचलला, आणि घासण्यासारखं काही नव्हतंच. कॉलर स्वच्छ. काखेत डाग नाही. पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटतात, त्याही नाहीत. मी शर्ट नाकाला लावला. कोऱ्या मडक्याला पहिल्यांदा पाणी लागलं की येतो, तसा मंद वास आला. दुसरा कसलाही नाही.

सुयश ओट्यावर बसून मोबाईल बघत होता.

"हा घातला होतास का?"

"हो. आठवडाभर."

"आणि सीईटीच्या क्लासला सायकलवर जातोस? भर दुपारी?"

"मग काय विमानानं?"

"घाम येत नाही का रे तुला?"

त्यानं मान वर केली नाही. "नाही येत."

"कधीपासून?"

जरा विचार करून म्हणाला, "आखाजीपासून."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. गेल्या वर्षीची. म्हणजे अख्खा उन्हाळा त्यात गेला होता. धुळ्याचा उन्हाळा! इथे सकाळी नऊला कुत्रीसुद्धा गटारात जाऊन बसतात. मी शर्ट तसाच खळबळला आणि वाळत घातला. नंतर विचार केला, घामाच्या ग्रंथींचा काहीतरी विकार असेल. असतात असे विकार. डॉक्टरला दाखवू.

२

गेल्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी सुयश दोंडाईचाला एका लग्नाला गेला होता. सोबत त्याच्या वर्गातले दोघं, योगराज आणि दिपमाला. येताना तिघं एका भाड्याच्या क्रूझरमध्ये मागच्या बाकावर बसले. वाटेत रसवंतीपाशी गाडी थांबली. दिपमालेला रस प्यायचा होता. ड्रायव्हरला घाई होती, तो हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि ह्यांना टाकून निघून गेला. तिघं त्याला शिव्या देत रस्त्यावर उभे राहिले. पुढे काही अंतरावर ती क्रूझर एका ट्रॉल्याखाली गेली. आतलं कुणीही वाचलं नाही.

पहिली बातमी आली ती अशीच आली, की क्रूझरमधले सगळे गेले. घरी आम्हाला अर्ध्या तासात सुयशचा फोन आला. पण तोवर कुणीतरी फुईला कळवून बसलं होतं.

फुई म्हणजे आमच्या वडिलांची, नानांची मोठी बहीण, तानुबाई. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला एका गावात एकटी राहते. त्या रात्री तिकडे वादळानं लाइट गेली, तिचा फोन बंद पडला. सकाळी आखाजी उजाडली.

आमच्या खानदेशात आखाजीला पितरांसाठी मातीची घागर भरतात. तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी. घरातली बाई उंबऱ्याशी बसते, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेते आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते. मग विस्तवावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. भर उन्हात आलेल्या पितरांनी गार पाणी प्यावं, एवढाच त्याचा अर्थ. नुकत्या मेलेल्या माणसाचं असं लगेच करत नाहीत, हे फुईला चांगलं माहीत होतं. पण तिचं एकच म्हणणं, "वरीसभर तिशा ऱ्हाई का मन्हा भाचा?" वर्षभर तहानलेला राहील का माझा भाचा?

तिनं सुयशच्या नावाची घागर भरली. त्याच्या नावाचं बोट ओढलं.

संध्याकाळी फोन सुरू झाला तेव्हा तिला कळलं की पोरगा जिवंत आहे, घरी बसून आमरस खातोय. फोनवर सगळे हसले, रडले. मीही हसले.

त्यानंतर योगराज गेला. कूलरमध्ये पाणी टाकताना शॉक बसला. आमच्याकडे दर उन्हाळ्यात असे कुणी ना कुणी जातात. पुढे अवकाळी वादळात दिपमालेच्या स्कूटीवर लिंबाची फांदी पडली. तेही होतंच. बाया कुजबुजू लागल्या की बाकावर ज्या क्रमानं बसले होते त्याच क्रमानं जाताहेत. खिडकीशी योगराज, मधे दिपमाला, कडेला सुयश. मी त्यांना दोन घटनांवरून क्रम ठरत नसतो हे समजावून सांगितलं. त्या माझ्याकडे, शिकून वाया गेलेल्या पोरीकडे बघावं तशा बघत राहिल्या.

सुयशला काही झालं नाही. उन्हाळा सरला, पावसाळा गेला, थंडी आली. साधी सर्दीसुद्धा नाही.

३

डॉक्टरांनी रक्त तपासलं, बीपी घेतलं. सगळं चांगलं. "पाणी भरपूर पीत जा," म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्याला पाणी पिताना पाहिलेलंच नाही. परीक्षा संपल्यावर मी सुटीत घरी आले आणि नीट बघायला लागले. बघणं हे माझ्या शिक्षणातलं मुख्य काम आहे. आधी निरीक्षण, मग मत.

तो माठाला हात लावत नसे. आईनं पेला भरून समोर ठेवला तर प्यायचा, नाहीतर नाही. ताटही स्वतःहून घ्यायचा नाही. बाहेरून आला की उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभा राहायचा. आई आतून ताट वाढायची, मग हाक मारायची, "सुयश, ये." तेव्हा आत यायचा. एकदा मुद्दाम मी आईला बोलू दिलं नाही. तो उभाच राहिला. रागावला नाही, कंटाळला नाही. एसटीची वाट बघतात तसा उभा. उन्हात त्याच्या पायाखालची फरशी मात्र ओली झाली होती.

मी आईकडे वळले. "हे काय आहे?"

"सवय आहे त्याची."

"आई!"

"ओरडू नको. शेजारी ऐकतात."

संध्याकाळी नाना दुकानातून आले. मी त्यांना सरळ विचारलं. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली, आईकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की ह्या घरात मी सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत आहे.

"अक्कानं ती घागर बंद केलीच नाही," नाना म्हणाले. "करणार होती. मग तो योगराज गेला. मग ती पोरगी. तेव्हा तिची हिंमत झाली नाही. रोज दुपारी ती घागर भरते."

"वर्षभर?"

"वर्षभर."

"आणि तुम्हाला चालतं हे? जिवंत पोराचं रोज..."

"जिवंत आहे ना?" नानांचा आवाज चढला. "मग? मरण न्यायला आलं तर दारात बघून जाईल की ह्याचं पितरांसारखं पानपाणी झालंय, हा आधीच गेलेला आहे. बाकी दोघांच्या बापांना विचार जाऊन, कशाला काय म्हणायचं ते!"

"नाना, तो जेवायला बोलावल्याशिवाय घरात येत नाही."

"न येऊ दे. जिवंत आहे."

वडीलधाऱ्यांचं हे असं असतं. एक चूक करायची, ती टिकवायची आणि तिला माया म्हणायचं.

४

मी सुयशलाच विचारलं. गच्चीवर, सकाळी, गव्हाला ऊन देताना. तो कोपऱ्यात बसला होता, मी गहू पसरत होते.

"तुला कसं वाटतं रे? खरं सांग."

"बरं वाटतं. काही दुखत नाही."

"आणखी?"

"दुपारी थोडं विचित्र होतं."

"काय होतं?"

"मी क्लासमध्येच असतो गं. सर शिकवतात ते लिहूनपण घेतो. पण फुईच्या अंगणातपण असतो." त्यानं गव्हातला एक खडा उचलून फेकला. "रांग असते. पुढं म्हातारी माणसं असतात. त्यांचं झालं की मग मी."

माझा हात थांबला. "कोण म्हातारी माणसं?"

"मी वर बघत नाही. फक्त पाय दिसतात."

"स्वप्न पडत असेल. गुंगी येत असेल उन्हानं."

"असेल," तो म्हणाला. त्याला माझ्याशी वाद घालायचा नव्हता, आणि हेच मला सहन झालं नाही. हा पोरगा पूर्वी भेंडीच्या भाजीवरून तासभर वाद घालायचा. "योगराज आणि दिपमाला माझ्यामागं असतात. त्यांच्या नावाची घागर अजून भरलेली नाही ना. वर्ष व्हायचंय. दिपू सारखी म्हणते, एक घोट दे."

"तू देतोस?"

"नाही. मला भीती वाटते. त्यांना दिलं तर ते माझ्या पुढं येतील का, की मीच त्यांच्याबरोबर जाईन, ते कळत नाही."

मी त्याचा हात धरला. सावलीतल्या माठासारखा गार होता.

"सुयश, तुला असं राहायचंय?"

त्यानं हात सोडवून गव्हात बोटं फिरवली. "मला तहान लागत नाही, ताई," म्हणाला. "मला एकदा खूप तहान लागायला पाहिजे."

५

आखाजीला मी त्याला घेऊन फुईकडे गेले. आईनानांना जळगावला मैत्रिणीकडे जातो असं सांगितलं. मी मनाशी ठरवलं होतं, त्या घागरीचं खापर करायचं.

शिरपूरहून दुसरी बस. आम्ही उतरलो तेव्हा दुपार डोक्यावर होती. फुईनं नुकताच अंगणात सडा घातला होता. त्या उन्हात माती पाणी टाकता टाकता वाळत होती, बघता बघता पांढरी पडत होती. सगळं अंगण वाळलं. पण फाटकापासून उंबऱ्यापर्यंत ओलीचे डाग राहिले. दोन पावलं जोडून ठेवावीत एवढे, एकामागे एक, सारख्या अंतरावर.

बाष्पीभवन सगळीकडे सारखं होत नाही. जमीन खालीवर असेल, कुठे चिकणमाती असेल. मी हे सगळं मनात म्हटलं.

सुयश माझा हात सोडून गेला. कुणी काही सांगितलं नव्हतं. दोन डागांच्या मधे थोडी जास्त जागा होती, तिथे जाऊन तो उभा राहिला, मान खाली घालून. त्याच्या मागे दोन डाग होते. बाकी रांग त्याच्यापुढे.

मी कडेकडेनं दारात गेले. रांग ओलांडली नाही. का ओलांडली नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

फुई उंबऱ्याशी बसली होती. "ऊनी का माय?" आलीस का, एवढंच म्हणाली, पण हात थांबवला नाही. कुंकवात बोट बुडवून तिनं सासऱ्याचं नाव घेतलं, बोट ओढलं. सासूचं. मग नवऱ्याचं, रुपचंद. मागे तीन घागरी भरलेल्या होत्या, चौथी, सुयशची, अजून रिकामी. शेजारी पाण्याची कळशी. तिनं पुन्हा बोट बुडवलं.

मी तिचं मनगट धरलं. "फुई, हे नाव घ्यायचं नाही."

"सोड."

"नाही सोडणार. तो जिवंत आहे."

"मन्हामुळे शे जित्ता!" फुई ओरडली. म्हातारीच्या मनगटात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "एक दिन सुटना नही. तापमा भरी, पानीमा भरी. तू पाळशी का त्याले? सांग! तू पाळशी?"

"हो," मी म्हणाले. "मी सांभाळीन."

मी वळले, रांगेच्या कडेनं अंगणात गेले आणि सुयशला हाताला धरून ओढलं. तो जड नव्हता. उंबऱ्यापाशी मात्र अडला, जसं काही मागून कुणी सदरा धरलाय. फुई मागे बोंबलत होती, "आजून आगारी टाकेल नही! त्याले हात लावू नको!" मी दोन्ही हातांनी ओढलं आणि तो माझ्यासकट आत येऊन पडला.

पाटावर बसवलं. नैवेद्याच्या आधी ताट वाढलं, लोटा दिला. "पी."

तो बघत राहिला. मग त्यानं स्वतः लोटा उचलला आणि प्यायला. घटाघटा, नरड्यावरून ओघळ जाईपर्यंत. मग माठातला दुसरा घेतला. तिसरा. आणि कपाळावर, केसांच्या कडेला, बारीक टिपूस उमटले.

"ताई, किती उकडतंय गं इथं!" म्हणाला आणि हसला.

मी रडले. मग बाहेर पाहिलं.

जिथं तो उभा होता तो डाग वाळला होता. माझ्या डोळ्यांसमोर ती जागा पांढरी झाली. मागचे दोन होते तसेच ओले. मी बघत होते. पांढऱ्या झालेल्या जागी माती हळूहळू काळी पडायला लागली, आणि सगळ्यात मागचा डाग वाळत गेला.

रांग एकानं पुढे सरकली होती.

फुईनं चौथी घागर उचलून कोपऱ्यात ठेवली, रिकामीच. 

६

पुढचे दिवस छान गेले. त्याचे शर्ट घामानं चिकट, वास मारणारे. मी ते भांडण न करता धुतले. तो माठ संपवायचा आणि भरायचा नाही. आईशी भांडायचा. भेंडीला नावं ठेवायचा. नाना गप्प गप्प असायचे, पण एकदा सुयशनं त्यांच्या टोपीवरून काहीतरी टवाळी केली तेव्हा तेही हसले.

मग त्याच्या खोलीतला पंखा पडला. तो पाणी प्यायला उठला होता, म्हणून फक्त पलंग मोडला. हूक जुना होता. नंतर रस्त्यात केळीच्या ट्रकचा दोर सुटला. घड त्याच्या पुढ्यात पडले. दोर काय, सुटतात. क्लासच्या जिन्याचा कठडा निखळला, त्यानं दुसऱ्या बाजूचा धरला होता.

मी जळगावला गेले नाही. कूलर बंद केला. गच्चीला कुलूप लावलं. घरच्या स्कूटरची किल्ली लपवली. क्लासला त्याच्याबरोबर चालत जायचे आणि बाहेर उन्हात उभी राहायचे. त्याला झाडाखालून जाऊ द्यायची नाही, तारांखालून जाऊ द्यायची नाही. धुळ्यात झाड नाही आणि तारही नाही असा रस्ता शोधून दाखवा.

"तू ना, म्हातारी झालीस," सुयश एकदा चिडून म्हणाला. "आईपेक्षा वाईट. फुईपेक्षा वाईट! ती निदान लांब राहून तरी करायची."

"गप्प बस."

"जगू देशील का जरा?"



काल दुपारी जेवायच्या वेळेला फुईचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"सारू," ती म्हणाली. "अंगन कोरडं पडनं."

"म्हणजे?"

"म्हातारा माणसं आखाजीलेच गयात. त्या दोन पोरं व्हतीत दारमा, घागर कव्हय भरास, देखत. आज नहीत." घागर कधी भरते याची वाट बघत दारात उभे असायचे ते दोघं आता तिथे नव्हते. "आठे नहीत, माय."

बाहेरून सुयशचा आवाज आला, "किल्ली सापडली बरं का! पिठाच्या डब्यात कुणी ठेवतं का?" पाठोपाठ स्कूटर सुरू झाली. मी फोन कानाला लावूनच खिडकीशी गेले. तो फाटकात होता. डोक्याला रुमाल, पाठीवर दप्तर, मानेवर घाम चमकत होता. आमच्या दारापुढची फरशी तापून पांढरी झाली होती. स्कूटरच्या मागच्या सीटखाली दोन ओले डाग होते, अगदी जवळजवळ. मी बघत असताना त्यातला एक वाळला, आणि सीटचं रेक्झिन किंचित दबलं.

"सुयश!" मी ओरडले. स्कूटरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पाय वर घेतला.

"सारू," फोनमधून फुई म्हणाली, "घागर मन्हा हातमा शे. भरू का?"

घागर भरली की काय होईल ते मला माहीत होतं, आणि मी त्या पोराकडे बघत होते. तो कसलंसं गाणं गुणगुणत होता.

"भर," मी म्हणाले.

फोनमधून पाणी ओतल्याचा आवाज आला. खूप वेळ येत राहिला. बाहेर स्कूटर बंद पडली. मग फाटक लोटल्याचा आवाज, आणि दारापर्यंत आलेली पावलं. त्यापुढे काही नाही.

आई देवळात गेली होती, नाना दुकानात. घरात मी एकटीच होते. मी दाराकडे पाहिलं नाही. आधी ताट वाढलं, पेला काठोकाठ भरला, आणि मग त्याला नावानं हाक मारली.